आधी उपग्रह, मग भरती: गुरुत्वाकर्षणाचे दोन हिशेब योग्य क्रमाने कसे मांडायचे

साताऱ्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत गेली बरीच वर्षे मी मुलांचे तक्ते पाहते. दोन वाक्ये हमखास भेटतात. एक, ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून उपग्रह तरंगतात.’ दुसरे, ‘चंद्र समुद्राचे पाणी वर उचलतो, म्हणून भरती येते.’ पहिले साफ चूक आहे आणि दुसरे अर्धवट. मुलाला विचारावे, ‘मग चंद्र डोक्यावर नसताना, पृथ्वीच्या पलीकडे असतानाही भरती का येते?’, की तक्ता तिथेच थांबतो.

चूक मुलांच्या बुद्धीत नाही, शिकवण्याच्या क्रमात आहे. आपण भूगोलात भरती-ओहोटी आधी शिकवतो, उपग्रह नंतर कधीतरी विज्ञानात येतात, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही. माझा अनुभव असा, की क्रम उलटा केला की गाडी सुटते. उपग्रह सतत पडत असतो हे एकदा पटले, की पृथ्वीही चंद्राकडे पडते आहे हे पटते. आणि भरती म्हणजे त्या पडण्यातला फरक, एवढेच उरते. खालचे टप्पे आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि घरी मदत करणाऱ्या पालकांसाठी आहेत. क्रम मोडू नका.

## तयारी

वर्गमूळाचे बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर, तळाशी छिद्र पाडायला एक कागदी पेला, खडू, होकायंत्र (मोबाइलमधले चालेल) आणि तिथ्या छापलेली दिनदर्शिका. वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहून चौकट करा:

- पृथ्वीची त्रिज्या: ६,३७१ किलोमीटर
- पृथ्वीचा ओढ-अंक (वैश्विक स्थिरांक गुणिले पृथ्वीचे वस्तुमान): ३,९८,६००, किलोमीटर आणि सेकंद या एककांत
- चंद्राचे सरासरी अंतर: ३,८४,४०० किलोमीटर
- सूर्याचे सरासरी अंतर: १४,९६,००,००० किलोमीटर
- सूर्य चंद्राच्या किती पट जड: सुमारे २ कोटी ७१ लाख पट

सावध: सगळी गणिते किलोमीटर आणि सेकंदात करा, मीटर फक्त उत्तर लिहिताना. आणि अंतर नेहमी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजा. ‘उपग्रह ४०० किलोमीटरवर’ म्हणजे जमिनीपासूनची उंची. सूत्रात ४०० घातले की उत्तर हास्यास्पद येते. प्रदर्शनातल्या चुकलेल्या गणितांपैकी निम्म्याहून जास्त मी याच एका जागी चुकलेली पाहिली आहेत.

## टप्पा १: पेला सोडून पाहा

पेल्याच्या तळाजवळ बाजूला पेन्सिलीएवढे छिद्र पाडा. बोट लावून पाणी भरा. बोट काढले की धार लागते, हे सगळ्यांना दाखवा. पुन्हा भरा, शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या कठड्यापाशी उभे राहा, बोट काढा आणि त्याच क्षणी पेला सोडून द्या. खाली मोकळी जागा ठेवा आणि एका मुलाला मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करायला सांगा.

पेला पडत असताना धार थांबते. गुरुत्वाकर्षण गेलेले नाही, त्याच्यामुळेच तर पेला पडतो आहे. पण पेला आणि पाणी एकाच वेगाने पडत असल्यामुळे पाण्याचा भार पेल्यावर येत नाही. अंतराळवीर तरंगतात ते असे.

सावध: इथे गोफणीचे उदाहरण देऊ नका. शेतावर पाखरे राखताना गोफण फिरवलेल्या मुलाला हाताला बाहेरची ओढ जाणवलेली असते, आणि तो लगेच म्हणतो की उपग्रहालाही बाहेर फेकणारे बल असते. गोफण वापरायचीच असेल तर एकाच गोष्टीसाठी वापरा: दोरी सुटली की धोंडा बाहेर जात नाही, त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्या दिशेला सरळ जातो.

## टप्पा २: चारशे किलोमीटरवर ओढ किती?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरते. केंद्रापासूनचे अंतर ६,३७१ अधिक ४००, म्हणजे ६,७७१.

ओढ-अंकाला अंतराच्या वर्गाने भागा. ३,९८,६०० भागिले (६,७७१ × ६,७७१) म्हणजे ०.००८६९. हजाराने गुणले की ८.६९ मीटर प्रति सेकंद वर्ग. जमिनीवर हाच आकडा ९.८ च्या आसपास असतो.

म्हणजे स्थानकावर जमिनीच्या जवळपास ८९ टक्के ओढ आहे. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते’ हे वाक्य मुले यानंतर स्वतःच खोडतात, आपल्याला काही बोलावे लागत नाही.

## टप्पा ३: एका सेकंदाचा ताळा

हा टप्पा घाईने उरकू नका. सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

आधी वेग काढा. ओढ-अंक भागिले अंतर, आणि त्याचे वर्गमूळ: ३,९८,६०० भागिले ६,७७१ म्हणजे ५८.८७, त्याचे वर्गमूळ ७.६७. स्थानक सेकंदाला ७.६७ किलोमीटर आडवे जाते.

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या काढायच्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या मुलांना द्यायच्या.

पहिला मुलगा: एका सेकंदात स्थानक खाली किती पडते? ८.६९ चे निम्मे, म्हणजे ४.३५ मीटर.

दुसरी मुलगी: ६,७७१ त्रिज्येच्या वर्तुळावर ७.६७ किलोमीटर सरळ रेषेत गेलो तर वर्तुळ त्या रेषेपासून किती खाली वळलेले असते? अंतराचा वर्ग भागिले दुप्पट त्रिज्या: ५८.८७ भागिले १३,५४२, म्हणजे ०.००४३५ किलोमीटर. मीटरमध्ये ४.३५.

ताळा: दोन्ही उत्तरे एकच यायला हवीत. स्थानक जेवढे पडते तेवढेच त्याच्या मार्गाचे वर्तुळ खाली वळलेले असते, म्हणून ते पडत राहते आणि तरी जमिनीला टेकत नाही. दोन वह्यांत वेगवेगळ्या वाटेने तोच आकडा आला, की वर्गात एक क्षण शांतता होते. त्या क्षणासाठी मी दरवर्षी हा तास घेते.

नेहमीची चूक: ‘उपग्रह उंच जावा म्हणून वेग वाढवतात, म्हणून उंच उपग्रह जास्त वेगात.’ वर्तुळाकार कक्षेत उलटे आहे. अंतर वाढले की ओढ कमी, आणि फिरण्याचा वेगही कमी. शंका असेल तर पुढचा टप्पा सोडवा.

## टप्पा ४: तेच सूत्र डिशला, तेच चंद्राला

स्थानकाची एक फेरी: परीघ ४२,५४३ किलोमीटर भागिले ७.६७ म्हणजे सुमारे ५,५४५ सेकंद, ९२.४ मिनिटे.

दुसऱ्या कुठल्याही उपग्रहासाठी पुन्हा सगळे करायची गरज नाही. त्याचे केंद्रापासूनचे अंतर स्थानकाच्या किती पट ते काढा, त्या पटीचा घन करा, घनाचे वर्गमूळ घ्या आणि ९२.४ ने गुणा.

घरावरच्या डिशचा उपग्रह केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर असतो. पट ६.२२७, घन २४१.५, वर्गमूळ १५.५४, गुणाकार सुमारे १,४३६ मिनिटे. म्हणजे २३ तास ५६ मिनिटे. चार मिनिटे कमी आली म्हणून पुन्हा गणित करत बसू नका, पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी तेवढ्यातच पुरी करते. उरलेली चार मिनिटे सूर्य पुन्हा त्याच जागी दिसण्यासाठी लागतात.

खात्री करायला गच्चीवर जा. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर आहे. सातारा ७४ अंशांच्या आसपास, म्हणून इथून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश उंच येतो. होकायंत्र धरून शेजारच्या चार फ्री डिश तपासा, त्या एकाच दिशेला तोंड करून असतील. डिश मात्र ६० अंश वर पाहत असल्यासारखी वाटणार नाही, बरीच उभी दिसेल. छोट्या डिशमध्ये लहरी तिरक्या येऊन खालच्या बाजूच्या दांड्यावरच्या ग्राहकावर पडतात, म्हणून तबकडी काटकोनात रोखलेली नसते. मुले कोनमापक लावून मोजतात आणि गणित चुकले म्हणतात. त्यांना हे आधीच सांगा.

आता चंद्र. अंतराची पट ५६.७७, घन १,८२,९६०, वर्गमूळ ४२७.७, गुणिले ९२.४, भागिले एका दिवसाची १,४४० मिनिटे. उत्तर सुमारे २७.४ दिवस. चंद्राची ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी प्रत्यक्षात २७.३ दिवसांची आहे.

दोन प्रश्न येतात. ‘पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, मग हे काय?’ चंद्र फिरत असताना पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते, तेवढे अंतर भरून काढायला आणखी दोन दिवस लागतात. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा: ‘आपला आकडा थोडा जास्त का आला?’ कारण आपण फक्त पृथ्वीची ओढ धरली. चंद्र पृथ्वीच्या एक एक्याऐंशीअंश जड आहे आणि तोही पृथ्वीला ओढतो. चंद्र पृथ्वीकडे पडतो, तशी पृथ्वीही चंद्राकडे पडते.

हे वाक्य वहीत उतरले, की भरतीकडे जायला वाट मोकळी झाली. त्याआधी जाऊ नका.

## टप्पा ५: संध्याकाळी बाहेर पडा

गणितानंतर डोळ्यांनी पाहणे हवेच. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेवर सातारा किंवा जवळचे गाव निवडून पुढच्या काही दिवसांच्या वेळा घ्या. आठवड्यापूर्वी उतरवलेल्या वेळांवर विसंबू नका. तिथेही हवेचा विरळ थर असतो, स्थानक त्यात घासत हळूहळू खाली येते, मधूनमधून त्याला वर ढकलतात, आणि वेळा बदलतात.

जागा मोकळी हवी. चार भिंतीची टेकडी किंवा यवतेश्वरच्या घाटातली रस्त्यापासून सुरक्षित जागा चांगली. ठिपका संथ, न लुकलुकता सरकला तर स्थानक, लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर विमान. सहाएक मिनिटांत खेळ संपतो, कधी मध्येच विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. याच कारणाने ते मध्यरात्री सहसा दिसत नाही: खाली अंधार आणि वर ऊन, अशी वेळ सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधीच मिळते.

ताळा: पुढची फेरी साधारण दीड तासाने. तेवढ्यात पृथ्वी २३ अंश फिरलेली असते, म्हणून त्याचा मार्ग साताऱ्याहून सुमारे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला गेलेला असतो. ‘बाई, दीड तासाने पुन्हा डोक्यावरून जाईल’ असे कोणी म्हणाले तर हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या.

## टप्पा ६: मैदानावर तीन मुले

खडूने एक लांब रेघ मारा. तीन मुले तिच्यावर एकामागे एक, दोन-दोन पावलांवर उभी करा. रेघेच्या टोकाला चौथे मूल, ते चंद्र. चंद्राच्या सर्वांत जवळचे मूल म्हणजे अलीकडचा समुद्र, मधले म्हणजे पृथ्वीचे केंद्र, मागचे म्हणजे पलीकडचा समुद्र. शिट्टी वाजली की पुढच्याने सहा पावले, मधल्याने पाच, मागच्याने चार पावले चंद्राकडे जायचे. जवळच्याला ओढ जास्त, लांबच्याला कमी, एवढाच नियम.

आता मधल्याला विचारा: तुला काय दिसले? पुढचा एक पाऊल लांब गेला, आणि मागचाही एक पाऊल लांब राहिला. तिघेही चंद्राकडेच गेले, कोणी उलटे गेले नाही, तरी मधल्याच्या दोन्ही बाजूंना अंतर वाढले.

दोन भरत्या अशा येतात. मागच्या बाजूचे पाणी कुठल्या बलाने बाहेर फेकलेले नाही, ते पडण्यात मागे राहिले आहे.

आकडे हवे असतील तर: चंद्राच्या बाजूला ओढ केंद्रापेक्षा ३.४ टक्के जास्त, पलीकडे ३.२ टक्के कमी. (३,८४,४०० ला ३,७८,०२९ ने आणि मग ३,९०,७७१ ने भागून वर्ग करा.)

नेहमीची चूक: ‘चंद्र पाणी वर उचलतो.’ हा फरक पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या जवळपास ९० लाखांतला एक भाग आहे, त्याने पाणी उचलले जात नाही. पण हजारो किलोमीटर पसरलेल्या महासागरावर हाच फरक पाण्याला बाजूने, आडवे सरकवतो, आणि सरकून आलेले पाणी साचते.

‘बाई, मग माहुलीला संगमावर भरती का येत नाही? कोयनेच्या धरणात का नाही?’ याचे उत्तर याच वाक्यात आहे. शिवसागर जलाशय पन्नासएक किलोमीटर लांब. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक पडतो तो नगण्य, आणि सरकून यायला पाणीही नाही. पण कोयनेचेच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरून वीज करते, वाशिष्ठीत जाते, आणि चिपळूणजवळ गोवळकोटच्या खाडीत त्याची भरतीशी गाठ पडते. पावसाळ्यात खाडीला भरती असताना नदीचा पूर ओसरायला अडतो, हे चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको.

## टप्पा ७: सूर्य मोठा, मग भरती चंद्राची का?

सूर्याचे अंतर चंद्राच्या ३८९ पट. वर्ग सुमारे १,५१,३००. सूर्य २ कोटी ७१ लाख पट जड. भागाकार सुमारे १७९. म्हणजे सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा १७९ पट जोराने ओढतो. इथे मुले थबकतात, थबकू द्या.

मग फरक काढायला सांगा. सूर्य इतका लांब आहे, की केंद्र आणि काठ यांच्यातला ओढीचा फरक ०.००८५ टक्के एवढाच. १७९ गुणिले ०.००८५ म्हणजे १.५. चंद्राचा आकडा सरासरी ३.३. भागिले: ०.४६. सूर्याचा भरतीतला वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी.

अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात, म्हणून भांगाची, म्हणजे लहान भरती. प्रत्यक्षात सर्वांत मोठे उधाण बहुतेक वेळा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. चंद्र जवळ, ३,६३,००० किलोमीटरच्या आसपास असताना त्याचा भरतीचा जोर तो ४,०५,००० वर असतानापेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त असतो, तेव्हा सगळी उधाणे सारखी धरू नका.

## टप्पा ८: तिथीवरून वेळ, आणि तिच्या मर्यादा

घाट उतरून हरिहरेश्वर, गुहागर, मुरुडला जाणाऱ्या सहलींसाठी हा टप्पा सर्वांत कामाचा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण. वद्य पंचमीला ५ × ३ ÷ ४ म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला एक, दुपारी चारच्या सुमारास दुसरी. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ, सकाळी दहाच्या आसपास.

हिशेब चालतो, कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा त्याच जागी येतो. पण चुका ठरलेल्या आहेत:

- वद्य पक्षात मोजणी पुन्हा १ पासून. वद्य पंचमी म्हणजे २० नव्हे.
- पंचांगात अमावास्येपुढे ३० छापतात. गणितात १५ घ्या.
- एका तिथीला खरा फरक ४८ मिनिटांचा, पाऊण तास ही तोंडी सोय. दशमीनंतर उत्तर अर्धा-पाऊण तास कमी येते. पौर्णिमेला सव्वाअकरा आले तर बारा समजा.
- हिशेब मुंबईच्या आसपास बरा बसतो. रत्नागिरी-गोव्याकडे भरती आधी येते. किनाऱ्याचा आकार, खाडीचे तोंड, तळाची खोली यांनी वेळ आणि उंची दोन्ही बदलतात. मुंबईला चंद्र माथ्यावर आणि भरती यांचा मेळ जवळपास जमतो म्हणून तो सगळीकडे जमेल असे नाही.

सावध: तिथीचा हिशेब सहलीचा दिवस निवडण्यासाठी. पाण्यात किंवा खडकांवर पाय ठेवण्यासाठी नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहा, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का तेही पाहा. लाटा वाऱ्याने उठतात, त्या तिथीला विचारत नाहीत.

एका सहलीत आम्ही फक्त बसची वेळ पाहून निघालो आणि हरिहरेश्वरला ऐन भरतीत पोचलो. खडकांमधली प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली होती. मुले वरच्या पायऱ्यांवर तासन्‌तास बसली, आणि दोघांना खाली उतरण्यापासून मला हात धरून थांबवावे लागले. त्या वाटेवर माणसे वाहून गेलेली आहेत. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी तिथी, मग कोष्टक, मग साताऱ्याहून निघायची वेळ. प्रदक्षिणा ओहोटीच्या तळाआधी तासभर सुरू करायची, तळाच्या वेळेला सगळी मुले वर मोजून घ्यायची. पावसाळ्यात त्या वाटेला जायचेच नाही. आणि स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला, तर वहीतले गणित कितीही बरोबर असले तरी बस माघारी फिरवायची.